धाकटीचा आकडा

स्वयंपाकघरात फ्रीज आणि खिडकी यांच्या मधल्या भिंतीवर आईने एक कागद चिकटवला होता. त्यावर दोन रकाने, डावीकडे थोरली आणि उजवीकडे धाकटी. खाली दर तपासणीचे आकडे, क्रिएटिनिनचे. किडनी रक्त कितपत साफ करते आहे ते हा आकडा सांगतो. तो जितका कमी, तितकी किडनी खुशीत. धाकटीच्या रकान्यात पॉइंट नऊ, एक, परत पॉइंट नऊ. थोरलीच्या रकान्यात एक पॉइंट सहा, एक पॉइंट आठ, एक पॉइंट नऊ. चहा टाकायला गेलं की तो कागद डोळ्यांसमोर, आणि चहा तर दिवसातून तीनदा लागतोच.

आता यातली गंमत बघा. शाळेत थोरलीला कायम धाकटीपेक्षा जास्त मार्क. धाकटी वर्गात खिडकीबाहेर बघत बसायची आणि काठावर पास व्हायची. आणि चाळिशी ओलांडल्यावर नशिबाने परीक्षा काढली ती नेमकी अशी, की जास्त मार्क पडतील ती नापास. थोरलीने हा विनोद स्वतःच एकदा करून पाहिला होता. धाकटी खो खो हसली, आई हसली, आणि थोरलीला मात्र संध्याकाळपर्यंत जेवण गेलं नाही.

दोघींना दुखणं एकच. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथला दाब वाढत जातो. वडिलांकडून आलेलं. ते गेले तेव्हा कुणाला त्याचं नावही माहीत नव्हतं, सगळे म्हणाले, हृदय कमजोर होतं. मग थोरलीची पाळी. ती पडद्यांच्या दुकानात कापड कापायची, एकोणीस वर्षं, एकाच टेबलावर. तिची कात्री सरळ चालली की मालक म्हणायचे, पट्टीसुद्धा लाजेल. तिला कापता कापता धाप लागायला लागली, पाय सुजायला लागले, आणि निदान व्हायला दीड वर्ष गेलं. त्यानंतर नव्या फुप्फुसांसाठी यादीत नाव घालून अडीच वर्षं वाट. एवढ्या काळात हृदयाची उजवी बाजू दाबाविरुद्ध ढकलून ढकलून थकली आणि किडनीला नीट रक्तच मिळेना. डॉक्टरांनी हे तिला कागदाच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं होतं. फुप्फुसं आली, बसली, श्वास मोकळा झाला. किडनीला मात्र त्या अडीच वर्षांचा मार बसला तो बसलाच.

आणि धाकटी? थोरलीला हे झालं म्हणून डॉक्टरांनी धाकटीची तपासणी करून घेतली, म्हणून तिचं वेळेवर सापडलं. ती बिघडायला लागल्याबरोबर नाव यादीत, आणि तीन महिन्यांत फुप्फुसं हजर. पाय सुजायचीही वेळ आली नाही तिच्यावर. ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात बाई नकाशे काढायच्या कार्यालयात परत रुजू, तेही सायकलवरून. म्हणजे थोरलीने आजारी पडून धाकटीला वाचवलं, हे सरळ आहे. पण याबद्दल कुणी कधी थोरलीची पाठ थोपटली? छे. उलट मावशीचा फोन आला की आई सांगणार, धाकटीची तब्येत कशी छान सुधारली, पथ्य किती पाळते, पाणी किती मोजून पिते. ही पाणी मोजून पिणारी, आणि ओला टॉवेल पलंगावर टाकून जाणारीही हीच. ते मावशीला कोण सांगणार?

थोरली धाकटीला पाण्यात पाहत होती, यात लपवण्यासारखं काही नाही. तिला ते स्वतःला माहीत होतं आणि त्याची लाजही वाटायची. पण लाज वाटली म्हणून पोटातलं दुखणं थांबतं असं थोडंच आहे? धाकटी सकाळी सायकलची घंटी वाजवत गेली की थोरली खिडकीतून बघायची आणि मनात म्हणायची, एकदा, फक्त एकदाच हिचा आकडा वर जाऊ दे.

डॉक्टरांनी थोरलीला दुकानात जायला बंदी केली होती. आकडा दीडच्या खाली आला तर बघू, म्हणाले. इकडे मालकांनी तिची कात्री खुंटीवर ठेवली होती, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. पण किती दिवस ठेवणार? नवीन मुलगी कापायला लागली होती, आणि हातही बरा होता म्हणे तिचा.

तर त्या गोळ्यांचं असं होतं. शरीराने परकी फुप्फुसं झिडकारू नयेत म्हणून दोघींना सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, रोज, जन्मभर गोळ्या घ्यायच्या होत्या. याच गोळ्या फुप्फुसांना राखायच्या आणि याच किडनीला कुरतडायच्या. थोरलीच्या शरीराने चौथ्याच महिन्यात नव्या फुप्फुसांवर डोळे वटारले होते, पाच दिवस सलाइन लावून ते प्रकरण निस्तरावं लागलं. तेव्हापासून तिला एका वेळी चार गोळ्या. धाकटीला दोन. थोरलीने गोळ्या कमी करायची विनवणी केली तेव्हा डॉक्टर नेहमीसारखे हळू आवाजात म्हणाले होते, "किडनी गेली तर मशीन आहे, पुढे दुसरी किडनीही मिळू शकते. ही फुप्फुसं गेली तर माझ्याकडे तुम्हाला द्यायला काही नाही." इतकं स्वच्छ सांगितलं होतं. कुठे संदिग्ध म्हणून काही ठेवलं नव्हतं.

पण रविवारी आई टेबलावर गोळ्यांचे दोन डबे घेऊन बसली, आठवड्याचे कप्पे भरायला. निळा थोरलीचा, पिवळा धाकटीचा. निळ्यात चार, पिवळ्यात दोन. निळ्यात चार, पिवळ्यात दोन. थोरली समोर बसून बघत होती आणि तिच्या डोक्यात हिशेब जुळला. हिला दोन, हिची किडनी ठणठणीत. मला चार, माझी आजारी. एका बापाच्या लेकी, एक दुखणं, एक डॉक्टर. मग हिला जे पुरतं ते मला का पुरू नये? हेव्याला असे हिशेब फार पटकन जमतात.

सोमवारपासून थोरलीने दोनच गोळ्या घ्यायला सुरुवात केली. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. उरलेल्या दोन बटणांच्या डब्यात. आईला रिकामे कप्पे दिसत होते, तिला शंका यायचं कारणच नव्हतं.

एक अडचण होती. रक्त तपासताना नुसती किडनी बघत नाहीत, रक्तात गोळीचं औषध किती उरलं आहे तेही बघतात. ते रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असतं. फुप्फुसं बदललेल्या माणसाला दुसरं काही शिकवलं नाही तरी हे शिकवतात: तपासणीच्या दिवशी गोळी सोबत न्यायची, रक्त द्यायचं आणि मगच गिळायची. थोरलीने काय करावं? तपासणीच्या दिवशी पहाटे सहाला न्हाणीघरात कडी लावून चारच्या चार गोळ्या गिळल्या. आठ वाजता रक्त घेणाऱ्या सिस्टरने नेहमीप्रमाणे विचारलं, गोळी घेतली नाही ना? थोरलीने नाही म्हटलं. डोळ्यांत बघून म्हटलं. मग धाकटीने पर्समधून आपली डबी काढून दोन गोळ्या घेतल्या, आणि शेजारी बसून थोरली रिकामी मूठ तोंडाकडे नेऊन वर घोटभर पाणी प्यायली.

औषधाची पातळी आली एकदम झकास. आणि क्रिएटिनिन आलं एक पॉइंट सहा.

एक पॉइंट नऊवरून एक पॉइंट सहा! आईने तो आकडा भिंतीवरच्या कागदावर जाड पेनने लिहिला. मावशीला फोन गेला, आणि या खेपेला फोनवर नाव होतं थोरलीचं. ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. एकाच उशीच्या अभ्र्याची तिने चारदा घडी घातली.

आणखी एक झालं. त्या गोळ्यांनी तिचे हात कापायचे. चहाचा कप बशीवर वाजायचा, सुईत दोरा जायचा नाही. गोळ्या निम्म्या झाल्या तसे हात स्थिरावले. तिने जुन्या चादरीची एक पट्टी कापून बघितली. सरळ. अगदी पूर्वीसारखी सरळ. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने कसं मागे फिरावं?

पाचव्या आठवड्यात मात्र जिना आड आला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला थांबावंसं वाटायला लागलं. ती बुटाची नाडी बांधायचं निमित्त करायची. रोज सकाळी दोघींना एका छोट्या यंत्रात फुंकायचं असायचं, फुप्फुसांत हवा किती मावते ते वहीत लिहायला. थोरलीचा आकडा किंचित उतरला, तेव्हा तिने आदल्या आठवड्याचाच आकडा पुन्हा लिहिला. सर्दी झाली असेल, असं स्वतःला समजावलं. ज्या बाईला भिंतीवरचे तीन महिन्यांचे आकडे तोंडपाठ होते, तिने वहीतल्या आकड्याकडे सरळ डोळेझाक केली.

सात आठवडे झाले आणि पुढची तपासणी आली. पुन्हा न्हाणीघर, पुन्हा कडी, पुन्हा सिस्टरच्या डोळ्यांत बघून नाही. दुपारी दोघी डॉक्टरांच्या खोलीत शेजारी शेजारी बसल्या. आई गुडघ्यांमुळे घरीच होती, फोनची वाट बघत.

थोरलीचा आकडा एक पॉइंट तीन.

डॉक्टर सहसा खूश होत नाहीत, म्हणजे दाखवत नाहीत. त्या दिवशी त्यांनी शेजारच्या खोलीतल्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंना बोलावून कागद दाखवला. बघा, म्हणाले, फुप्फुसांचा दाब गेला, हृदय सावरलं, आणि औषधाची पातळी इतकी असूनही किडनी मागे फिरली. फुंकण्याच्या चाचणीत थोडी घट होती. सर्दी होती का, त्यांनी विचारलं. थोरलीने हो म्हटलं. पुढच्या वेळी ती चाचणी पुन्हा करू, म्हणाले, आणि मग तिला पुढच्या महिन्यापासून अर्धा दिवस दुकानात जायला परवानगी दिली, कापडाच्या धुळीपासून जरा लांब बसायच्या अटीवर. थोरलीला जे जे हवं होतं ते सगळं पाच मिनिटांत पदरात पडलं.

मग धाकटीचा कागद पुढे आला. तिची किडनी एक पॉइंट एक, काही तक्रार नाही. पण फुंकण्याचा आकडा लागोपाठ दुसऱ्यांदा घसरला होता, आणि तिला सर्दी नव्हती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की शरीर आता हिच्याही फुप्फुसांवर नाराज होऊ लागलेलं दिसतं, संरक्षण वाढवायला हवं. दोन वाटा होत्या. एक, दुसरं औषध जोडीला देऊन हळूहळू जायचं, दर आठवड्याला रक्त तपासायचं, कटकटीचं काम. दुसरी, हीच गोळी सरळ दुप्पट करायची. आजवर ते दुसऱ्या वाटेला धजावत नव्हते, कारण थोरलीची किडनी समोर दिसत होती. एकाच घरातलं रक्त, हिचीही तशीच जाईल अशी भीती.

"पण आता तुमच्या ताईंनी दाखवून दिलं," ते म्हणाले. "तुमच्या घरातली किडनी ही गोळी सोसते. ताईंची बिघडली होती ती यादीत थांबून, गोळीने नव्हे. तेव्हा दुप्पट करू. आज संध्याकाळपासून."

त्यांनी लिहिलं. धाकटी थोरलीकडे बघून हसली.

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी थोरलीच्या मनात पहिल्यांदा भीती आली नाही. पश्चात्तापही आला नाही. आला तो आनंद. आता चढेल, तिच्या मनात आलं. आता हिचाही चढेल.

खाली औषधांच्या खिडकीसमोर रांग होती. धाकटी रांगेत उभी राहिली आणि थोरली भिंतीलगतच्या बाकावर बसली. आईला फोन करून तिने आपला आकडा सांगितला. आई रडवेल्या आवाजात म्हणाली, आता माझ्या दोघी लेकी सारख्या झाल्या. फोन ठेवल्यावर थोरली रांगेकडे बघत राहिली. तिला भिंतीवरचा कागद दिसत होता. उजव्या रकान्यात, आईच्या अक्षरात, एक पॉइंट चार. मग एक पॉइंट सात. मग दोन. सायकल जिन्याखाली धूळ खाते आहे, धाकटी खिडकीत बसली आहे आणि थोरली पिशवी खांद्याला लावून दुकानात निघाली आहे. तिला काहीएक करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. आणि तोंडाने नुसतं गप्प बसण्याला कोण पाप म्हणणार?

दहा मिनिटं ती तिथे बसली होती. ती दहा मिनिटं तिची मजेत गेली, हे कबूल करायला हवं.

रांग खिडकीपाशी पोहोचली. धाकटीने गोळ्यांची पाकिटं घेतली, पिशवीत टाकता टाकता एक तिथेच फोडून पट्टी न्याहाळली, आणि येऊन थोरलीच्या शेजारी बसली. ती जरा घाबरली होती. नेहमी बडबड करणारी, पण घाबरली की आवाज लहान होतो तिचा, लहानपणापासून.

"ताई, तुझे हात किती कापायचे?" तिने विचारलं. "सुरुवातीला, चार गोळ्यांवर?"

थोरली म्हणाली, कापायचे.

"मला रेघा मारायच्या असतात गं. केसाएवढ्या." मग तिने थोरलीचा उजवा हात उचलून आपल्या तळव्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. "पण बघ ना, तुझे थांबले की. चार गोळ्या घेऊनही थांबले. म्हणजे माझेही थांबतील. तुझं बघितलं नसतं तर मी डॉक्टरांना नाहीच म्हटलं असतं."

थोरलीचा हात तिच्या तळव्यावर पडून होता. जरासुद्धा हलत नव्हता. कापला असता तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटलं. निदान एखादं बोट तरी कापायचं. धाकटी त्या हाताकडे डोळे लावून बसली होती, आणि तो हात धडधडीत खोटं बोलत होता.

"त्या गोळ्या घेऊ नकोस," थोरली म्हणाली.

धाकटीला काही कळलं नाही. थोरलीला वाटलं होतं की हे सांगायला फार वेळ लागेल, पण तीनचार वाक्यांत आटोपलं. मी चार घेत नाही. दोन घेते. तपासणीच्या दिवशी पहाटेच चार घेऊन येते, म्हणून पातळी चांगली दिसते. माझी किडनी गोळी सोसत नाही, ती गोळ्या निम्म्या केल्यामुळे बरी झाली आहे. शेजारी बसलेल्या बाईने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा फोनमध्ये घातली.

"किती दिवस?"

"सात आठवडे."

"का?"

याचं उत्तर थोरलीपाशी होतं. ती फरशीकडे बघत राहिली. धाकटीच्या ते लक्षात आलं. तिच्या सगळं लक्षात येतं, हेही थोरलीच्या डोळ्यांत खुपायचं.

"तू माझ्यावर जळतेस ते माहीत आहे मला," धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण कापत होता. "शाळेपासून माहीत आहे. तो कागद मी दोनदा भिंतीवरून काढला, आईने परत लावला. पण माझ्या हातात या गोळ्या येईपर्यंत तू बघत बसलीस?"

"हो."

"किती वेळ?"

"तू रांगेत होतीस तेवढा वेळ."

धाकटीने पट्टी पाकिटात सरकवली. आता ती ओरडेल, उठून जाईल, आईला फोन लावेल, असं थोरलीला वाटलं. तिने स्वतः तेच केलं असतं. धाकटीने तिच्याकडे पूर्ण वळून विचारलं, "तुला धाप लागते का?"

थोरलीने पाय बाकाखाली ओढले.

"ताई, जिन्यावर. दुसऱ्या मजल्यावर तू रोज नाडी बांधतेस. धाप लागते का?"

"लागते."

"ऊठ," धाकटी म्हणाली. "डॉक्टर अजून खोलीत असतील. जळायचं तर जिवंत राहून जळ माझ्यावर. ऊठ."

तिने थोरलीचं मनगट धरलं आणि तिला उठवलं. टोकन नाही, काही नाही, ती सरळ जिन्याकडे निघाली. आणि थोरलीला काय वाटलं म्हणता? कृतज्ञता? ती पुढे केव्हातरी वाटली असेल. त्या वेळी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इथेही हीच पुढे! आपण हिची किडनी चढण्याची वाट बघत दहा मिनिटं मजेत बसलो, आणि हिला पहिल्यांदा आठवली ती आपली धाप. हिच्या जागी आपण असतो तर असलं काही आपल्याला सुचलंच नसतं, हे थोरलीला पक्कं माहीत होतं. आकड्यांत तरी कधीमधी बरोबरी होऊ शकते. हे कसं गाठायचं?

जिन्याच्या सातव्या आठव्या पायरीवर तिची छाती भरून आली. धाकटी पुढे, तिचं मनगट घट्ट धरून, भराभर चढत होती. थोरलीने नाडीकडे पाहिलं. मग तिने कठडा पकडला.

"हळू चाल गं," ती म्हणाली. "मला दम लागतोय."

धाकटी थांबली. दोघी तिथेच पायरीवर बसल्या, आणि थोरलीचा श्वास खाली येईपर्यंत धाकटी घड्याळात बघून तो मोजत राहिली.